अंधाऱ्या खोलीतलं पीठ

प्रश्न : सादर नमस्कार मॅडम. मी कोल्हापूरला बी.एफ.ए. पेंटिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीआधी आमची सहल मुंबईला गेली होती. एका गॅलरीत काळा पडदा सारून आत गेले, तर खोलीत अंधार आणि जमिनीवर पसरलेल्या पिठावर वरून व्हिडिओ पडत होता. विहिरीचं पाणी. कुणीतरी बादली सोडतं, पाणी हलतं, शांत होतं, परत बादली. तीन मिनिटांचं असेल. मी सात वेळा पाहिलं. बस सुटायला आली म्हणून मैत्रिणीने हात धरून बाहेर काढलं.

परतल्यावर सरांना म्हटलं, ज्युरीला, म्हणजे वर्षाच्या कामाच्या परीक्षणाला, मला व्हिडिओ करायचाय. ते म्हणाले, “आधी हात बसू दे. आणि ते पेंटरचं काम नव्हे.” लायब्ररीतून लेव मानोविच यांचं न्यू मीडियावरचं, म्हणजे संगणक-व्हिडिओसारख्या नव्या माध्यमांवरचं, पुस्तक आणलं, जर्मन विचारवंत वॉल्टर बेंजामिन यांच्या यंत्राने निघणाऱ्या प्रतींवरच्या निबंधाची झेरॉक्स मिळवली. चौथ्या पानावर अडले. प्रत्येक शब्द डिक्शनरीत बघूनही वाक्याचा अर्थ लागत नाही. माझ्याकडे लॅपटॉप नाही, फक्त फोन आहे. थिअरी कळल्याशिवाय यात पडायचं नसतं का?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : तुला अगंतुगं करते, माझ्या वर्गातल्या मुलींनाही तसंच म्हणते. तुझ्या पत्रातल्या दोन शब्दांवर मी बराच वेळ थांबले : सात वेळा. थिअरीची तुझी सुरुवात तिथेच झाली आहे.

आमचं मिरजेत टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. नऊ-दहा वर्षांची असताना मी एका फाटक्या स्पीकरचं लोहचुंबक रंगीत टीव्हीच्या काचेला लावलं. बातम्या देणाऱ्या बाईंचा चेहरा एका अंगाला ओढला गेला आणि कडेने जांभळा-हिरवा रंग पसरला. चुंबक काढलं तरी डाग तसाच. वडिलांनी आधी धपाटा घातला, मग कॉइल आणून पडद्यासमोर गोल गोल फिरवत तो डाग घालवला. फिरवता फिरवता म्हणाले, मागून इलेक्ट्रॉनांचा झोत काचेवर येतो, चुंबक त्याची वाट वाकवतं. पुढे कॉलेजात असताना एका मासिकात नाम जून पाइक या सोलमध्ये जन्मलेल्या कलाकाराच्या ‘मॅग्नेट टीव्ही’चं छायाचित्र दिसलं. १९६५ चं काम. टीव्हीच्या डोक्यावर घोड्याच्या नालेसारखं जाडजूड चुंबक आणि पडद्यावर प्रकाशाची झुलती आकृती. मी तिथेच रडले. जो आमच्या घरात बिघाड होता, ते त्याने चित्र केलं होतं. त्याआधी १९६३ मध्येच जर्मनीतल्या वुपर्टालच्या प्रदर्शनात त्याने आतून छेडछाड केलेले टीव्ही मांडले होते. टीव्ही ही नुसती बघायची वस्तू, त्याने त्यात हात घातला. रंग पातळ केला की तो कुठे ओघळतो हे तू बघतेस ना, तितकंच साधं आणि तितकंच अवघड काम आहे हे.

म्हणून सरांचं ‘हात बसू दे’ मला पटतं. पुढचं वाक्य पटत नाही, आणि कोल्हापुरात तर मुळीच पटत नाही. तुमच्याच गावात बाबुराव आणि आनंदराव हे पेंटर बंधू नाटकांचे पडदे रंगवत होते. सिनेमाने असे झपाटले की त्यांनी कॅमेराच बनवायला घेतला. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबुरावांनी तो कॅमेरा तडीस नेला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ लोकांसमोर आला. त्या काळातला न्यू मीडिया तोच होता, आणि तो पेंटरनेच हाताने घडवला. मुंबईत १९६९ मध्ये चित्रकार अकबर पदमसींनी नेहरू फेलोशिपच्या पैशातून ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केलं. चित्रकार, छायाचित्रकार, सिनेमावाले तिथे एकत्र येऊन काम करत. जे. जे.मधून नुकत्याच बाहेर पडलेल्या नलिनी मालानींनी तिथे कॅमेरा हातात घेतला.

मालानींचंच १९९८ सालचं ‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’ हे मंटोच्या फाळणीवरच्या कथेवरून सुचलेलं व्हिडिओचं काम मी मुंबईत पाहिलं, ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. त्या वर्षीच्या मे महिन्यात पोखरणला अणुचाचण्या झाल्या होत्या, त्यांना दिलेलं ते उत्तर होतं. जमिनीवर पत्र्याच्या ट्रंका उघड्या ठेवलेल्या, प्रत्येकीच्या पोटात एक टीव्ही. समोरासमोरच्या भिंतींवर दोन बायका. एक साडी दोघी मिळून घडी घालू बघतात, मधे अख्खी खोली, घडी काही जमत नाही. तुझ्या आजीच्या खाटेखालीही अशी ट्रंक असेल. घर सोडून जाताना माणूस जे नेतो, ते तिच्यात जातं. फाळणीची गोष्ट सांगायला त्या टीव्हीला दुसरी कोणतीही पेटी चालली नसती.

आता तोच प्रश्न तुझ्या खोलीला विचार. पीठच का? पांढरा पडदा का नाही?

मला सुचलं ते सांगते, तुझं वेगळं असू दे. पीठ आणि विहीर, दोन्ही बाईच्या पहाटेची कामं. पिठावर पाणी पडलं की त्याचा गोळा होतो, पण प्रकाशाचं पाणी पडलं तर पीठ कोरडंच राहतं. ती बादली शंभरदा उतरली तरी त्या पिठाची भाकरी होणार नाही. शिवाय तीन मिनिटांनी सगळं पहिल्यापासून. मानोविच यांच्या २००१ सालच्या त्या पुस्तकात लूपविषयी, म्हणजे फिरून फिरून येणाऱ्या चित्राविषयी, जे लिहिलंय ते आधी काढ. सिनेमाच्या आधीच्या खेळण्यांत लूप होता, सिनेमाने गोष्ट सांगण्यासाठी तो बाजूला ठेवला; संगणकाच्या काळात त्यातूनच नव्या तऱ्हेची गोष्ट उभी राहील का, असं ते विचारतात. वाचताना जातं आठव. खुंटा तोच, फेरा तोच, आणि ओवी मात्र प्रत्येक फेऱ्याला पुढे सरकते : माहेर, भाऊ, विठ्ठल. सातव्या वेळी तुला पहिल्यापेक्षा वेगळं काय दिसलं, ते एका पानावर मराठीत लिही आणि मग पुस्तकात परत जा. तिथली अर्धी वाक्यं ओळखीची वाटतील.

बेंजामिनचंही असंच कर. १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात तो म्हणतो की यंत्राने प्रती निघू लागल्या की मूळ कृतीचं एकमेवपण, तिचा ‘ऑरा’, ओसरतो. ठीक. आता रविवर्म्यांची लक्ष्मी घे. त्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. छापील लक्ष्मी घराघरांतल्या देवघरात बसली, तिला हळदकुंकू लागलं. इथे ऑरा ओसरला की प्रतीलाच चढला? बेंजामिन चुकला असं मी म्हणत नाही, आणि प्रती लोकांपर्यंत पोचतात याचं त्यालाही मोल होतंच. पण हा प्रश्न घेऊन वाचलंस तर तू त्याच्याशी बोलू लागशील. दिवसाला दोन पानं पुरे. अवघड शब्द डिक्शनरीत शोधण्याआधी, लेखक कोणत्या वस्तूविषयी बोलतोय ते शोध.

ज्युरीसाठी लॅपटॉप लागत नाही. फोन कशाला तरी टेकवून स्थिर ठेव आणि एक मिनिट एकच गोष्ट टिप. पंचगंगेच्या घाटावर पाणीच पाणी आहे, पण पाणी नको. ते आत्ता दुसऱ्याचं आहे. कॉलेजचा प्रोजेक्टर एका दुपारपुरता माग आणि पडदा सोडून सगळ्यांवर टाकून बघ : वाळत घातलेलं धोतर, परातीतलं मीठ, सारवलेली जमीन. सारवलेली जमीन प्रकाश पिऊन टाकते, चित्र जेमतेम उरतं. तेच तुला हवं असेल, कुणी सांगावं. सरांकडे रिकाम्या हाताने जाऊ नकोस, त्या एका मिनिटाची तीस रेखाटनं घेऊन जा. आणि फाइलच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेव. पदमसींच्या ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ या फिल्मची एकच प्रिंट होती, ती हरवली. ते मला आजही लागतं.

एक राहिलं. पीठ कशाचं होतं ते तू लिहिलेलं नाहीस. तांदळाचं असेल तर प्रकाश पांढरा राहतो, गव्हाचं असेल तर किंचित पिवळा पडतो, ज्वारीच्या पिठावर थोडा मळकट दिसतो. आठवत असेल तर कळव.