विम्याचे पैसे मिळाल्यावर हरवलेलं पार्सल सापडलं, तर दोन्ही ठेवावं का?

नाही. विमा म्हणजे झालेलं नुकसान भरून द्यायचा करार. पूर्ण रक्कम घेतली की मालावरचा हक्क कंपनीकडे जाऊ शकतो. सागरी विमा कायदा, 1963 च्या कलम 79 मध्ये हेच तत्त्व आहे.

माझं कापशी चपलांचं (कोल्हापुरी चपलांचाच एक प्रकार) पार्सल असंच हरवलं होतं. क्लेम मिळाला, आणि दोन महिन्यांनी शाहूपुरीतल्या गोडाऊनमधनं फोन: "दादा, तुमचं पोतं हाय इथं, घिऊन जावा." सुतळीची गाठ माझीच, चामड्याला मात्र बुरशी! घरचे म्हणाले, "कुणाला कळतंय?" खरंय, कळलं नसतंच. तरी कळवलं. कंपनीनं उरल्या मालाची किंमत धरली, तेवढी परत करून चपला मीच ठेवल्या.

तुम्ही पार्सल फोडू नका. आधी फोटो काढा, क्लेम नंबर टाकून ईमेल करा.