सेलेनियमचा (ब्राउझर आपोआप चालवून वेबसाइट तपासणाऱ्या साधनाचा) क्लिक एरर देत नाही, पण बटणाचा हँडलरही, म्हणजे क्लिकवर चालणारा कोडही, चालत नाही. हाताने किंवा जावास्क्रिप्टने क्लिक केला की चालतो. मग जावास्क्रिप्टचाच क्लिक सगळीकडे वापरू का?

नका वापरू. मी वापरला होता, म्हणून सांगतो.

आमच्या एका फॉर्ममध्ये शहराचं नाव टाइप केलं की खाली सुचवण्यांची यादी यायची. साधा क्लिक कधीमधी अडायचा, म्हणून कंटाळून मी सगळ्या टेस्टमध्ये एक्झिक्यूटस्क्रिप्टमधून, म्हणजे पानात जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या सेलेनियमच्या कमांडमधून, क्लिक घातला. टेस्ट हिरव्यागार. तिकडे लाइव्हवर मात्र लोकांना यादीतलं शहर निवडताच येईना. झालं होतं असं, की यादीवर माउस दाबला की इनपुटचा फोकस जायचा, म्हणजे ब्लर इव्हेंट व्हायचा, आणि ब्लरच्या हँडलरने यादीच गायब व्हायची. माउसचं बटण सोडेपर्यंत खाली काही उरायचंच नाही, मग क्लिक कुठून येणार? आधी माउसडाउनवर (माउस दाबल्याच्या इव्हेंटवर) फोकस जाऊ न देणारं प्रिव्हेंटडिफॉल्ट होतं, ते कुणीतरी साफसफाईत काढलं होतं. माझ्या टेस्टला याचा पत्ताच नाही, कारण जावास्क्रिप्टचा क्लिक फक्त क्लिक इव्हेंट सोडतो. माउसडाउन नाही, माउसअप (माउस सोडल्याचा) नाही, फोकसही हलत नाही.

वेबड्रायव्हरचा, म्हणजे सेलेनियमचा साधा, क्लिक तसा नसतो. तो घटक स्क्रोल करून समोर आणतो, त्याच्या मध्यबिंदूवर दुसरं काही आडवं आलंय का बघतो आणि मग ब्राउझरकडूनच माउस हलवणं, दाबणं, सोडणं करवून घेतो. त्या इव्हेंटचा इझट्रस्टेड (इव्हेंट ब्राउझरकडून आला की स्क्रिप्टमधून, हे सांगणारी खूण) ट्रू असतो, स्क्रिप्टवाल्याचा फॉल्स. 2004 मध्ये सेलेनियम सुरू झालं तेव्हा ते पानात घातलेलं जावास्क्रिप्टच होतं. जावास्क्रिप्टच्या मर्यादांमुळेच पुढे वेबड्रायव्हर आला. आपण जावास्क्रिप्टने क्लिक करतो तेव्हा उलट्या दिशेने चालत जातो.

आता तुमचं बटण. तुम्ही लिहिलंय की शेवटच्या फील्डमध्ये सेंडकीज केल्यावर (सेलेनियमने मजकूर टाइप केल्यावर) लगेच ‘पुढे’वर क्लिक करता. माझा पहिला संशय इथेच. फोकस अजून फील्डमध्ये आहे. माउस दाबला की ब्लर, त्यासोबत चेंज (मजकूर बदलल्याचा इव्हेंट), मग व्हॅलिडेशन, म्हणजे भरलेली माहिती बरोबर आहे का याची तपासणी. फील्डखाली मेसेज येतो किंवा आधीचा जातो आणि बटण एखाददोन ओळी सरकतं. माउसडाउन बटणावर, माउसअप भलतीकडे. अशा वेळी क्लिक जातो दोघांच्या सामायिक पालक घटकाकडे. एरर येत नाही, कारण ड्रायव्हरच्या दृष्टीने काम झालेलं असतं. आणि हाताने का चालतं? आपण नकळत टॅब दाबतो, किंवा पहिला क्लिक वाया गेला तर दुसरा मारून विसरून जातो!

खात्री करायची असेल तर डॉक्युमेंटवर कॅप्चर फेजमध्ये (इव्हेंट घटकापर्यंत पोचण्याआधी) माउसडाउन, माउसअप आणि क्लिक या तिन्हींना लिसनर लावा आणि प्रत्येकाचा टार्गेट, म्हणजे इव्हेंट ज्या घटकावर झाला तो, कन्सोलमध्ये छापा. टार्गेट वेगवेगळे दिसले की चोर सापडला. टेस्टमध्ये सेंडकीजनंतर टॅब पाठवा, मेसेज स्थिर होईपर्यंत थांबा, मग साधा क्लिक करा. पण डेव्हलपरकडे बगही नोंदवा, कारण ग्राहकाचाही पहिला क्लिक असाच वाया जातोय. मेसेजसाठी जागा आधीच राखून ठेवली की बटण हलत नाही.

तिन्हींचा टार्गेट बटणच आला, तरी काही घडलं नाही, तर भानगड वेगळी. पान सर्व्हरवरून तयार होऊन येत असेल तर बटण दिसतं आधी, हँडलर चिकटतो नंतर. सेलेनियमची एलिमेंटटूबीक्लिकेबल ही वाट बघण्याची अट फक्त घटक दिसतोय आणि एनेबल्ड आहे एवढंच बघते, हँडलर लागलाय का ते तिला कळत नाही. तुमचा स्क्रिप्टवाला क्लिक कदाचित निव्वळ उशिरा झाला म्हणून चालला असेल. यावर स्लीप (ठरावीक सेकंद थांबणं) लावू नका. ॲप तयार झाल्यावर बॉडीवर एखादा डेटा ॲट्रिब्यूट लावायला डेव्हलपरना सांगा आणि त्याची वाट बघा.

लॉगमध्ये तिन्ही टार्गेट काय आले ते इथे टाका, म्हणजे पुढचं बघता येईल.