वाचकांचे प्रश्न : दिनविशेषातली तारीख कोणती धरायची?

दिनविशेषांच्या तारखांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : ज्या वर्षी गॅलिलिओचे निधन झाले त्याच वर्षी, म्हणजे १६४२ मध्ये, न्यूटनचा जन्म झाला, असे दिनविशेषांत नेहमी वाचायला मिळते. काही ठिकाणी मात्र न्यूटनची जन्मतारीख ४ जानेवारी १६४३ अशी दिलेली असते. यांपैकी खरे काय?

उत्तर : न्यूटनच्या जन्माच्या २५ डिसेंबर १६४२ आणि ४ जानेवारी १६४३ या दोन्ही तारखा बरोबर आहेत, कारण त्या एकाच दिवसाच्या आहेत. चूक आहे ती गॅलिलिओशी घातलेल्या सांगडीत.

ज्युलियस सीझरने रूढ केलेल्या ज्युलियन कॅलेंडरात वर्ष ३६५ दिवस ६ तासांचे धरलेले होते. प्रत्यक्षात सौरवर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान असते. हा फरक किरकोळ वाटला तरी साधारण १२८ वर्षांत तो एका दिवसाएवढा होतो, आणि सोळाव्या शतकापर्यंत साचत साचत तो इतका वाढला की २१ मार्चला अपेक्षित असलेला वसंतसंपात (वसंतात दिवस-रात्र समान असण्याचा दिवस) ११ मार्चच्या सुमारास येऊ लागला. ईस्टरचा दिवस या संपातावरून ठरत असल्यामुळे चर्चला त्याकडे दुर्लक्ष करणे शक्य नव्हते. म्हणून पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये दहा दिवस गाळले आणि ज्या शतकवर्षाला ४०० ने पूर्ण भाग जात नाही ते यापुढे लीप वर्ष धरू नये, असा नियम घातला. त्यामुळे १७००, १८०० आणि १९०० ही वर्षे लीप ठरली नाहीत, १६०० आणि २००० ही ठरली. स्पेन, पोर्तुगाल आणि इटलीतील बहुतेक राज्यांत गुरुवार, ४ ऑक्टोबरनंतर शुक्रवार, १५ ऑक्टोबर उजाडला; वारांचा क्रम तेवढा अखंड राहिला. आविलाची संत तेरेसा हिचे निधन नेमके त्याच रात्री झाले, आणि तिचा स्मृतिदिन आजही १५ ऑक्टोबरला पाळला जातो.

प्रोटेस्टंट इंग्लंडने पोपचा हा निर्णय मानला नाही आणि १७५२ पर्यंत, म्हणजे पुढची १७० वर्षे, जुनेच कॅलेंडर चालू ठेवले. आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गॅलिलिओचे निधन ८ जानेवारी १६४२ रोजी झाले, ही तारीख इटलीतल्या नव्या कॅलेंडरातली आहे. न्यूटनच्या जन्माची २५ डिसेंबर १६४२ ही तारीख इंग्लंडच्या जुन्या कॅलेंडरातली आहे. दोन्ही घटना नव्या कॅलेंडरात मांडल्या तर न्यूटनचा जन्म १६४३ मध्ये जातो. दोन्ही जुन्या कॅलेंडरात मांडल्या तर गॅलिलिओचे निधन २९ डिसेंबर १६४१ वर सरकते. म्हणजे कोणतेही एक कॅलेंडर प्रामाणिकपणे धरले, तर हा योग शिल्लक राहत नाही. स्टीफन हॉकिंग यांचा जन्म ८ जानेवारी १९४२ चा, म्हणजे गॅलिलिओच्या निधनानंतर बरोबर ३०० वर्षांनी झालेला. हा योग मात्र खरा आहे, कारण त्याच्या दोन्ही तारखा नव्या कॅलेंडरातल्या आहेत.

प्रश्न : मग शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हान्टिस एकाच दिवशी, २३ एप्रिल १६१६ रोजी, वारले हेही खोटेच समजायचे का?

उत्तर : होय. शेक्सपिअरची २३ एप्रिल ही तारीख जुन्या कॅलेंडरातली असून नव्या हिशेबाने तो दिवस ३ मे येतो. सर्व्हान्टिसचे निधन २२ एप्रिलला झाले आणि २३ तारखेला त्याचे दफन झाले, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. युनेस्कोने १९९५ मध्ये २३ एप्रिल हा जागतिक ग्रंथदिन ठरवला तो या दोघांच्या नावांमुळेच. ग्रंथदिन साजरा करायला त्यामुळे काही बाधा येत नाही.

प्रश्न : पर्ल हार्बरवरील हल्ला ७ डिसेंबरचा की ८ डिसेंबरचा? आणि माणसाने चंद्रावर पाऊल ठेवले ते २० जुलैला की २१ जुलैला?

उत्तर : येथे कॅलेंडर एकच आहे, घड्याळे वेगळी आहेत. जपानी विमानांनी पर्ल हार्बरवर हल्ला केला तेव्हा हवाई बेटांवर रविवार, ७ डिसेंबर १९४१ ची सकाळ होती आणि आठ वाजायला काही मिनिटे कमी होती; टोकियोत त्या वेळी ८ डिसेंबरची पहाट होती. म्हणून अमेरिकी पुस्तके ७ तारीख देतात आणि जपानी पुस्तके ८. याहून गमतीची गोष्ट अशी की मलायातील कोटा बारू येथे जपानी सैन्य उतरले ते पर्ल हार्बरच्या आधी तासाभराहून अधिक काळ, पण आंतरराष्ट्रीय वाररेषेमुळे त्या घटनेची स्थानिक तारीख ८ डिसेंबर आहे. नुसत्या तारखा पाहून क्रम लावणारा माणूस आधीची घटना नंतर टाकणार, हे उघड आहे.

चंद्राचेही तसेच आहे. नील आर्मस्ट्राँग यांनी पाऊल ठेवले तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर २० जुलै १९६९ च्या रात्रीचे १० वाजून ५६ मिनिटे झाली होती, तर भारतात २१ जुलैच्या सकाळचे ८ वाजून २६ मिनिटे. चंद्राला स्वतःची तारीख नसल्यामुळे कोणाची वेळ धरली हे सांगण्यावाचून गत्यंतर नाही. युरोपातील दुसऱ्या महायुद्धाची समाप्ती पश्चिमेकडे ८ मे आणि रशियात ९ मे रोजी पाळली जाते, त्याचेही कारण हेच: शरणागती अमलात आली तेव्हा बर्लिनमध्ये रात्रीचे अकरा वाजून गेले होते आणि मॉस्कोत मध्यरात्र उलटली होती.

प्रश्न : अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या घोषणेवर ४ जुलै १७७६ रोजी सह्या झाल्या, हे तरी निर्विवाद आहे ना?

उत्तर : नाही. स्वातंत्र्याचा ठराव काँग्रेसने २ जुलैला मंजूर केला, घोषणेचा मसुदा ४ जुलैला स्वीकारला आणि बहुतेक प्रतिनिधींनी सह्या केल्या त्या २ ऑगस्टला. त्या प्रतिनिधींपैकी जॉन ॲडम्स यांनी तर ३ जुलैला पत्नीला लिहिलेल्या पत्रात पुढच्या पिढ्या २ जुलै हाच दिवस साजरा करतील, असे भाकीत केले होते. मोठी राजकीय घटना क्वचितच एका दिवसात पुरी होते. तिचा कोणता टप्पा लक्षात ठेवायचा हे नंतरचे लोक ठरवतात. येथे छापील प्रतीवर ४ जुलै होते, तेच टिकले. पुढे ॲडम्स आणि घोषणेचा मसुदा लिहिणारे जेफरसन हे दोघेही ४ जुलै १८२६ रोजी, म्हणजे घोषणेच्या पन्नासाव्या वाढदिवशी, वारले आणि त्या तारखेवर आणखी एक शिक्का बसला.

प्रश्न : आमच्या वाचनालयात रोज दिनविशेषाचा फलक लिहितो. कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : १५८२ ते १९२३ या काळातली युरोपीय तारीख असेल तर ती कोणत्या देशातली आहे हे आधी पाहावे. रशियाने १९१८ मध्ये ३१ जानेवारीनंतर थेट १४ फेब्रुवारी धरली, त्यामुळे १९१७ ची ऑक्टोबर क्रांती आपल्या कॅलेंडरात ७ नोव्हेंबरला येते. ग्रीसने तर १९२३ पर्यंत वाट पाहिली. इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे इंग्रजी अमलाखालच्या व्हर्जिनियात जन्मलेल्या जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या जन्माची ११ फेब्रुवारी १७३१ ही नोंद आज २२ फेब्रुवारी १७३२ अशी वाचली जाते, म्हणजे दिवसाबरोबर सनही बदलतो. अशा वेळी फलकावर तारखेपुढे ‘जुन्या कॅलेंडरानुसार’ एवढे दोन शब्द लिहिले तरी पुरेसे आहे. स्पेनमधली १० ऑक्टोबर १५८२ किंवा लंडनमधली ८ सप्टेंबर १७५२ अशी तारीख कोठे आढळली, तर मजकूर सरळ बाजूला ठेवावा. ते दिवस तेथे उगवलेच नाहीत.

प्रश्न : फेब्रुवारीची ३० तारीख कधी होती का?

उत्तर : स्वीडनमध्ये १७१२ साली होती. नव्या कॅलेंडराकडे हळूहळू जावे म्हणून १७०० पासून चाळीस वर्षे एकही लीप दिवस धरायचा नाही, असे तेथे ठरले. १७०० चा दिवस गाळलाही गेला, पण १७०४ आणि १७०८ मध्ये तो पुन्हा धरला गेला आणि स्वीडन जुन्या व नव्या अशा दोन्ही कॅलेंडरांपासून सुटे पडले. अखेर राजा बाराव्या चार्ल्सने जुन्याकडे परतायचे ठरवले आणि १७१२ च्या फेब्रुवारीत एक जादा दिवस घातला. नवे कॅलेंडर तेथे १७५३ मध्ये एकदाच लागू झाले, आणि त्या वर्षी १७ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च आला.