वाचनाच्या खास शिकवणीसाठी शाळेतला कोणता तास सोडावा?

तुमचा प्रश्न असा: मुलगा तिसरीत आहे, वाचन जड जातं, खास शिक्षण देणाऱ्या बाई शाळेत येऊन शिकवायला तयार आहेत, शाळा परवानगी देईल का आणि कोणता तास सोडायचा? परवानगीचं प्रत्येक शाळेचं वेगळं असतं, लेखी अर्ज करा. तासाबद्दल मात्र ठाम सांगते. खेळाचा तास सोडू नका. चित्रकलेचा नको, आणि मधल्या सुट्टीला तर हातच लावू नका.

शाळा हमखास खेळाचाच तास पुढे करते, कारण त्याने कुणाचा अभ्यासक्रम अडत नाही. पण वाचताना अडखळणाऱ्या मुलाला ‘मलाही काही जमतं’ असं वाटायची दिवसातली तेवढीच एक जागा असते. ती गेली की शिकवणी म्हणजे शिक्षा. सोडायचा तो भाषेचाच तास. वर्ग धडा वाचत असतो तेव्हा हे मूल नाहीतरी ओळ शोधत बसलेलं असतं. गणितात नवीन भाग चालू असेल तर तो तासही राखा.

दुसरी चूक फिरत्या तासाची. कुणाच्याच विषयाचं नुकसान नको म्हणून सोमवारी परिसर अभ्यास, गुरुवारी गणित असं ठरवतात. माझ्याकडच्या एका मुलीचं असंच ठरलं होतं. ती ‘सूर्य’ला ‘सूयर’ वाचायची. यात निष्काळजीपणा नव्हता. रफार दिसतो ‘य’च्या डोक्यावर, पण उच्चारायचा ‘य’च्या आधी. ह्रस्व वेलांटीचं नेमकं उलट, दिसते आधी आणि उच्चार नंतर. अशा ठिकाणी नुसतं ‘नीट बघ’ म्हणून काही होत नाही. तीन कार्डं घ्यायची: सू, र्, य. आधी ओळीत मांडून आवाज म्हणायचे. मग ‘र्’ म्हणत ते कार्ड उचलायचं, त्याच्या जागी रफाराची पट्टी घेऊन ‘य’वर ठेवायची, पाटीवर बोटाने गिरवायचं, शेवटी अख्खा शब्द. त्यानंतर फक्त रफाराचेच शब्द: वर्ग, मार्ग, खर्च, अर्ज, गर्दी, पर्वत. ‘प्र’ आणि ‘ट्र’ त्या आठवड्यात आणायचेच नाहीत, नाहीतर ‘र’ची सगळी रूपं एकमेकांत मिसळतात. डोळा, कान आणि हात एकदम वापरायची ही रीत वाचन जड जाणाऱ्या मुलांसाठी १९३० च्या दशकात तयार झालेल्या ऑर्टन-गिलिंगहॅम पद्धतीपासून चालत आली आहे. सोमवारी तिला हे जमायचं, गुरुवारी पाटी कोरी. सोमवार ते गुरुवार रोज एकाच वेळी ३० मिनिटं ठरल्यावर दुसऱ्या आठवड्यात रफार पक्का झाला. आठवड्यातून एकदा दोन तास बसवणं हा पर्यायच नाही.

३० मिनिटं शिकवायला वेळापत्रकात ४० धरा, जाण्यायेण्यात १० जातात. त्यात ५ मिनिटं जुनी कार्डं, ५ नवीन अक्षर किंवा जोडाक्षर, ७ शब्दवाचन, ६ श्रुतलेखन आणि उरलेली ७ सलग उतारा. खोली शिक्षकांच्या बैठकीची नको, तिथे सारखी ये-जा असते. दार काचेचं किंवा उघडं ठेवा, मुलाची पाठ दाराकडे असू द्या. दर गुरुवारी न वाचलेला, त्याच पातळीचा उतारा एक मिनिट वाचून घ्या आणि बरोबर वाचलेले शब्द मोजून वहीत लिहा. आठ आठवड्यांत आकडा हलला नाही तर मुलाला बोल लावू नका, पद्धत तपासा.

डोळे आणि कान आधी तपासून घ्या, हे खरं तर सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. आणि शिकवणी स्पर्धा परीक्षेची असेल तर हे काहीच लागू नाही, ती शाळा सुटल्यावरच लावा.

आता अर्जाचं. दिवस, वेळ, खोली, मुलाला कोण नेणार आणि कोण आणणार हे लिहाच, पण एक वाक्य विसरू नका: ‘या वेळेत वर्गात झालेलं लेखन मुलाकडून भरून घेतलं जाणार नाही.’ ‘बुडलं ते भरून काढायलाच हवं’ म्हणणाऱ्या वर्गशिक्षकांशी मी नेहमी वाद घालते. वर सांगितलेली मुलगी मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून फळ्यावरचं उतरवत बसायची, तेही न वाचता, एकेक अक्षर बघून. फार तर वर्गशिक्षकांनी दोन महत्त्वाचे प्रश्न खुणा करून द्यावेत आणि त्यांची उत्तरं तोंडी घ्यावीत.