बोटांनी रंगवलेले पक्षी

प्रश्न : चिनी चित्रकार कुंचल्याशिवाय, नुसत्या बोटांनी पक्षी आणि वनस्पती रंगवतात, असे एका चित्रफितीत पाहिले. घरी प्रयत्न केला, पण बांबूची रेषा मध्येच तुटते आणि शाई कागदावर फुटते. ही खरी परंपरा आहे की केवळ हातचलाखी? (एक वाचक, दादर, मुंबई)

उत्तर : परंपरा खरी आहे. तांग काळातील चांग त्साव हा चित्रकार झिजलेला कुंचला वापरी किंवा रेशमावर हातानेच शाई चोळी, असा उल्लेख नवव्या शतकातील एका चिनी कलाग्रंथात सापडतो. तथापि बोटांच्या चित्रांना स्वतंत्र शैलीची प्रतिष्ठा मिळाली ती छिंग राजवटीतील अधिकारी व चित्रकार गाओ छीपै (१६६०–१७३४) यांच्यामुळे. विसाव्या शतकात फान थ्येनशौ (१८९७–१९७१) यांनी याच पद्धतीने गिधाडे आणि कमळे रंगवली, आणि तीही भल्यामोठ्या कागदांवर. चित्रफितींमध्ये हाताच्या वेगाचेच कौतुक अधिक होते, म्हणून हातचलाखीचा संशय येणे स्वाभाविक आहे.

आता आपल्या तुटणाऱ्या रेषेविषयी. कुंचल्याचे केस शाई साठवून ती हळूहळू सोडतात; बोटावर मात्र जेमतेम थेंबभर शाई राहते, त्यामुळे रेषा आखूड, खडबडीत आणि तुटक येणारच, आणि जाणकार चित्रकार हा तुटकपणा लपवत नाहीत, उलट खडक, जुनी खोडे, वाळके देठ आणि पक्ष्याचे नखे असलेले पाय यांसाठी तो मुद्दाम राखतात. नख आणि बोटाचा मांसल भाग एकत्र टेकवल्यास एकाच फटकाऱ्यात बारीक व जाड अशा दोन्ही कडा मिळतात. करंगळी पिसांसाठी सोयीची, तर कमळाचे रुंद पान तळहाताने किंवा त्याच्या कडेने उमटवता येते. शाईची वाटी कागदाच्या अगदी जवळ असावी.

शाई फुटते ती बहुधा कागदामुळे. चीनमध्येही या कामासाठी तुरटी आणि सरस यांचा हात दिलेला, कमी शोषणारा कागद अनेकदा पसंत करतात. आपल्याकडे जलरंगाचा चांगला कागद चालेल. मात्र मुंबईच्या पावसाळ्यात तोही ओल धरतो, तेव्हा तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावा. बांबू तर पेरापेरानेच काढावा आणि बोटावरची शाई सरेल तिथे पेर संपवावे.