१९७१ ची फियाट डिलाइट घेतोय, विकणारा म्हणतो इंजिन ओरिजिनल आहे. खात्री कशी करायची?

आरसीवरचा इंजिन नंबर आणि इंजिनच्या ब्लॉकवरचा (मुख्य लोखंडी भागावरचा) नंबर तुम्ही जुळवला असेलच, पण तेवढ्यावर थांबू नका, हवा तो नंबर ब्लॉकवर ठोकून मिळतो. नंबराची जी सपाट जागा असते ती रॉकेलच्या फडक्याने पुसा, सँडपेपर अजिबात मारू नका, आणि टॉर्च आडवा धरून बघा. ग्राइंडर फिरवल्याच्या खुणा, एक आकडा खोल एक उथळ, ओळ वरखाली, असं काही दिसलं तर गडबड आहे. पेन्सिल प्रिंट पण काढा, म्हणजे नंबरावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासा, चेसिसची काढतात तशी, कागदावर आकडे जास्त नीट कळतात.

आता मी लिहायला का बसलो ते सांगतो. आमच्याकडे बाबांची ७१ चीच डिलाइट आहे, हँडल गिअरवाली, म्हणजे गिअर स्टीअरिंगपाशी असलेली. ८४ साली खंबाटकी घाट चढताना कनेक्टिंग रॉड तुटला आणि ब्लॉकला भोकच पडलं, गाडी ट्रकला बांधून पुण्यात आणावी लागली. बाबांनी नाना पेठेतून ओळखीने एका अपघातात गेलेल्या पद्मिनीचं, म्हणजे याच फियाटच्या पुढच्या मॉडेलचं, इंजिन मिळवलं, दोन्ही १०८९ सीसीच. मेकॅनिक म्हणाला, साहेब जुना नंबर यावर ठोकून देतो, कुणाच्या बापाला कळणार नाही. बाबांनी साफ नाही म्हटलं, बिल घेतलं, रजा टाकून संगम पुलाजवळच्या आरटीओत गेले, गाडी दाखवली आणि आरसी बुकात नवीन नंबरची नोंद करून घेतली. ते बुक मी आजही प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलंय.

आणि आमचे भावजी, म्हणजे ताईचे मिस्टर, त्यांच्याकडे पण फियाट, पेंट क्रोम सगळं टकाटक, कुठलंही लग्नकार्य असो, चारचौघांत म्हणणार की तुमच्या गाडीला काय किंमत, मॅचिंग नंबर नाही, म्हणजे कारखान्यातून आलेलं मूळ इंजिन नाही. त्यांच्या इंजिनावरची नंबराची जागा मी बघितलीय, गुळगुळीत घासलेली आणि शेवटचे दोन आकडे तिरके. बाबा होते तोवर ते ऐकून घ्यायचे, मी घेणार नाही. नोंद करून बदललेलं इंजिन खोट्या नंबरच्या 'ओरिजिनल'पेक्षा कधीही चांगलं. ठोकलेल्या नंबरखाली चोरीचं इंजिन निघालं तर पोलीस तुमच्या दारात येतील, विकणाऱ्याच्या नाही.

म्हणून स्मार्ट कार्डावर भागवू नका, जुनं कागदी आरसी बुक मागा आणि नोंदींची सगळी पानं वाचा. रीबोर केलं (सिलिंडर आतून कापून थोडा मोठा केला), पिस्टन किंवा हेड बदललं म्हणजे इंजिन बदललं असं होत नाही, त्यावरून किंमत पाडायला जाऊ नका. हां, सगळ्याच गाड्यांत नंबर ब्लॉकवर ठोकलेला नसतो, काही जुन्या ब्रिटिश इंजिनांवर पट्टी रिव्हेट केलेली असते, तिथे रिव्हेट नवे आहेत का बघायचं. मॉरिस, ऑस्टिन, एमजी असेल तर ब्रिटिश मोटर म्युझियम कारखान्याच्या नोंदींवरून सर्टिफिकेट देतं, फियाटला त्याचा उपयोग नाही.

५० वर्षं उलटल्यामुळे विकणारा व्हिंटेज नोंदणीचं गाजर दाखवेल. २०२१ च्या नियमात व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पण गाडी मूळ स्वरूपात असायला लागते आणि मग ती रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती असल्या कामांनाच रस्त्यावर काढता येते. रोज ऑफिसला न्यायची असेल तर त्या नावाखाली एक रुपयाही जास्त देऊ नका.