ऑटोपे लावलंय, मग लेट फी कशाची?

वाचकांचे प्रश्न : या वेळी फोनचं बिल

पोस्टपेड बिलाबद्दल इंदूरहून बरीच पत्रं आली आहेत. सारख्या तक्रारींची पत्रं एकत्र करून त्यांतली सहा इथे घेतली आहेत.

प्रश्न : मोबाइलच्या बिलाला यूपीआय ऑटोपे लावून ठेवलं आहे. खात्यात पैसेही असतात. तरी लागोपाठ दोन बिलांत लेट फी लागून आली. कंपनीला फोन केला तर म्हणतात बँकेत विचारा, बँकेत गेलं तर म्हणतात कंपनीला विचारा. नेमकी चूक कोणाची? (सुदामानगर)

उत्तर : अशा तक्रारींत बहुतेक वेळा चूक ना बँकेची निघते ना कंपनीची. घोळ असतो तो मर्यादेच्या आकड्यात. ऑटोपे लावताना अ‍ॅप 'जास्तीत जास्त रक्कम' विचारतं आणि आपण प्लॅनची किंमत बघून काहीतरी गोल आकडा टाकून मोकळे होतो. प्रीपेड रिचार्जची किंमत करासकट सांगितलेली असते, पोस्टपेडची कर सोडून. म्हणजे ३९९ रुपयांचा प्लॅन असेल तर १८ टक्के जीएसटीचे ७१ रुपये ८२ पैसे मिळवून बिल येतं ४७० रुपये ८२ पैशांचं. मर्यादा ५०० ठेवली असेल तर महिनोन्‌महिने सगळं सुरळीत चालतं. मग एखाद्या महिन्यात परदेशी एक कॉल लागतो, नाहीतर घरातलं कोणीतरी एखादं पॅक सुरू करून बसतं आणि बिल ५६० होतं. अशा वेळी ५०० कापून ६० बाकी ठेवले जात नाहीत, अख्खी वसुलीच नाकारली जाते.

खरी गोम पुढे आहे. न भरलेले ५६० आणि लेट फी पुढच्या बिलात चढतात. ते बिल हजाराच्या वर जातं आणि ५०० च्या मर्यादेत तेही बसत नाही. एकदा अडकलेलं ऑटोपे आपोआप सुटत नाही, ते असं. तुमची दोन बिलं लागोपाठ गेली त्याचं कारण बहुधा हेच. तेव्हा आधी थकलेलं सगळं हाताने भरून टाका आणि मगच मर्यादेला हात लावा.

मर्यादा नेहमीच्या बिलाच्या अडीच-तीन पट असावी. वरच्या उदाहरणात १,५०० पुरे. एकदम १५,००० टाकून निश्चिंत व्हायचा मोह होतो, पण आम्ही तसं सुचवणार नाही. १५,००० रुपयांपर्यंतची नियमित वसुली दर वेळी पिन न मागता करण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली आहे. त्यामुळे चुकीचं बिल आलं तरी ते निमूट कापलं जाईल आणि मग परताव्यासाठी तुम्हालाच कंपनीच्या मागे लागावं लागेल.

अ‍ॅपमध्ये प्रोफाइल उघडलं की 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' असा भाग सापडतो. तिथे तीन गोष्टी बघा : पैसे कोणत्या खात्यातून जाणार आहेत, मर्यादा किती आहे आणि मुदत कधी संपते आहे. नोकरी बदलल्यावर पगाराचं खातं बदलतं, ऑटोपे मात्र जुन्या रिकाम्या खात्यालाच चिकटून राहतं. मर्यादा बदलायची सोय दिसली नाही तर जुनं रद्द करून नवं करा, पण तेही चालू बिल भरल्यावर आणि पुढचं निघायच्या आत. बिल निघाल्यानंतर लावलेलं ऑटोपे बहुधा पुढच्या बिलापासून लागू होतं, हातातलं बिल हातानेच भरावं लागतं.

वसुलीच्या किमान २४ तास आधी सूचना येते, तिच्यात रक्कम दिलेली असते. ती वाचा. रक्कम मर्यादेपेक्षा जास्त दिसली तर काय होणार ते आदल्या दिवशीच कळतं. ऑगस्ट २०२५ पासून यूपीआय ऑटोपेची वसुली गर्दीच्या वेळा टाळून होते, म्हणजे सकाळी १० च्या आधी, दुपारी १ ते ५ किंवा रात्री साडेनऊनंतर. 'उद्या दुपारी खात्यात पैसे टाकू' हा हिशेब इथे फसतो, कारण पहिला प्रयत्न भल्या सकाळीच होऊन गेलेला असू शकतो. तो फसला तर आणखी तीन प्रयत्नांची मुभा आहे, पण त्या भरवशावर राहू नये. पैसे आदल्या रात्रीच खात्यात हवेत.

आणखी एक. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये एक आणि यूपीआय अ‍ॅपमध्ये दुसरं, अशी एकाच नंबरावर दोन ऑटोपे लावलेली बरीच घरं असतात. बिल दोनदा भरलं जातं. पैसे बुडत नाहीत, पुढच्या बिलात वजा होतात, तरी दोन्हींपैकी एक काढून टाका.

प्रश्न : वडील रामबागेत एकटे राहतात, वय ७८. घरी बीएसएनएलची लँडलाइन आहे, इंटरनेटही तिच्यावरच. मी पुण्यात असतो. त्यांचं बिल इथून भरता येईल का? (पुणे, मूळ इंदूर)

उत्तर : येईल, कुठल्याही यूपीआय किंवा बँकेच्या अ‍ॅपमधून. मोबाइलच्या रकान्यात शोधू नका, 'लँडलाइन' किंवा 'ब्रॉडबँड' असा वेगळा रकाना असतो. तिथे फोन नंबर एसटीडी कोडसकट टाकायचा. इंदूरचा कोड ०७३१. 'नंबर चुकीचा आहे' असं आलं तर पुढचं शून्य काढून ७३१ पासून टाकून बघा. सोबत खाते क्रमांक मागतात, तो फोन नंबर नव्हे. जुन्या बिलावर वरच्या बाजूला सापडतो. वडिलांकडे एखादं जुनं बिल असेलच, त्याचा फोटो मागवून जपून ठेवा. एकदा भरलंत की अ‍ॅप ते खातं लक्षात ठेवतं आणि नवं बिल निघालं की तुम्हाला पुण्यात सांगतं. तेवढ्यावर अवलंबून राहायचं नसेल तर बिल तुमच्या ई-मेलवर येईल अशी नोंद कंपनीकडे करून घ्या.

वडिलांचा मोबाइलही पोस्टपेड असेल तर सर्कलकडे, म्हणजे नंबर ज्या दूरसंचार विभागात मोडतो त्याच्याकडे, लक्ष ठेवा. माणूस कुठे राहतो याच्याशी सर्कलचा संबंध नसतो, नंबर कुठला आहे यावर ते ठरतं. इंदूरचा नंबर 'मध्य प्रदेश-छत्तीसगड' मध्ये, पुण्याचा 'महाराष्ट्र' मध्ये, आणि मुंबईचं सर्कल आणखी वेगळं. नंबर पोर्ट केलेला (नंबर तोच ठेवून कंपनी बदललेली) असेल तर अ‍ॅप पुष्कळदा जुन्याच कंपनीचं नाव सुचवतं, तिथे आत्ताची कंपनी निवडा. फॅमिली प्लॅनमध्ये बिल मुख्य नंबरावरच निघतं. जोडलेला नंबर टाकून 'बिल नाही' असं दिसलं म्हणजे बिल भरलेलं आहे, असं समजू नका.

प्रश्न : मला ऑनलाइनची भानगड नको. लोकमान्यनगरात कोपऱ्यावरच्या कियोस्कवर रोख देऊन बिल जमा करते. यात काही चुकतं का? (लोकमान्यनगर)

उत्तर : काही चुकत नाही. फक्त पैसे दिले की बिल भरलं, असं धरू नका. काही दुकानदार दिवसभर नंबर वहीत टिपतात आणि रात्री सगळी बिलं एकदम टाकतात. रात्री सर्व्हर अडला की तुमचं बिल दुसऱ्या दिवसावर जातं, आणि कंपनी बघते ती पैसे तिच्याकडे पोचल्याची तारीख, तुम्ही दिल्याची नव्हे. समोर बसून टाकायला सांगा. संगणकाच्या पडद्यावर नाव आणि रक्कम आली की ती आधी वाचा, मग पैसे द्या. पावतीवर भारत कनेक्टचा (बिलं भरण्याच्या देशभरच्या यंत्रणेचा) व्यवहार क्रमांक असायला हवा, आणि कंपनीचा 'पेमेंट मिळालं' असा संदेश फोनवर आल्याशिवाय उठू नका. सेवेचे पैसे घेणार असतील तर तेही पावतीवर लिहून मागा.

शेवटची तारीख सुट्टीला आली तरी पुढे सरकत नाही. रंगपंचमीला राजवाड्याकडे गेर (रंगांची मिरवणूक) निघते, अर्धं शहर बंद असतं, पण बिलाची तारीख जागच्या जागी असते. शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधीच जाऊन या.

प्रश्न : खात्यातून पैसे कापले गेले, कंपनीच्या अ‍ॅपवर मात्र बिल थकीतच दिसतं. शेवटची तारीख उद्या आहे. पुन्हा भरू का? (टिळकनगर)

उत्तर : आधी यूपीआय अ‍ॅपमध्ये व्यवहाराची स्थिती बघा. 'यशस्वी' असेल तर पुन्हा भरू नका. पैसे कंपनीकडे गेले आहेत, नोंद व्हायला काही तास लागतात, कधी दुसरा दिवस उजाडतो. 'प्रलंबित' असेल तर उद्या दुपारपर्यंत थांबा, तोवर सुटलं नाही तर लेट फी टाळण्यासाठी दुसऱ्या खात्यातून भरा. दोन्ही पोचले तर जादाचे पुढच्या बिलात वळते होतील. 'अयशस्वी' दिसत असूनही पैसे गेले असतील तर ते आपोआप परत यायला हवेत. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे व्यवहारानंतर ५ दिवसांची मुदत आहे, ती उलटली तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. बँकेत हा नियम सांगून मागा, न मागता मिळेल या आशेवर बसू नका.

तक्रारीसाठी दोन क्रमांक लागतात. एक १२ अंकी यूटीआर, म्हणजे बँकेतल्या व्यवहाराचा क्रमांक, तो बँकेला द्यायचा. दुसरा भारत कनेक्टचा व्यवहार क्रमांक, तो अ‍ॅपला आणि फोन कंपनीला. उलटसुलट दिले की 'असा व्यवहारच नाही' असं उत्तर येतं. कंपनीकडे तक्रार नोंदवण्याचा नंबर १९८. फोन ठेवण्याआधी डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, लिहून घ्या, कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे त्याच्याशिवाय जाता येत नाही.

प्रश्न : पगार ७ तारखेला होतो, बिलाची शेवटची तारीख ३. दर महिन्याला ओढाताण. (राजेंद्रनगर)

उत्तर : कंपनीला बिलाचं चक्र बदलून मागा. काही कंपन्या अर्ज केल्यावर देतात. चक्र बदलण्याच्या महिन्यात कमी-जास्त दिवसांचं वेडंवाकडं बिल येईल, त्याला घाबरू नका. नाही म्हणाले तर एकदाच एका महिन्याचं बिल आगाऊ भरून ठेवा. ३ तारखेला देणं निघेल ते आधीच जमा असलेल्या रकमेतून वळतं होईल आणि तुम्ही ७ नंतर पुढच्याचं भरत राहाल. आगाऊ रक्कम कंपनीच्याच अ‍ॅपमधून भरा, कारण यूपीआय अ‍ॅपवर बऱ्याचदा निघालेल्या बिलाइतकीच रक्कम घेतात. बिल दर महिन्याला तेवढंच येत असेल तर पोस्टपेड हवंच कशाला, हाही विचार करून बघा. क्रेडिट कार्डावर ऑटोपे लावणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं : कार्डाची मुदत संपली किंवा ते हरवून नवं आलं की जुनं ऑटोपे बंद पडू शकतं. नवं कार्ड हातात आल्या दिवशीच ते तपासा.

प्रश्न : 'बिल न भरल्याने तुमचा नंबर आज रात्री बंद होईल, या नंबरावर फोन करा' असा संदेश आला. आणि दुसरं : थकबाकी असताना नंबर पोर्ट करता येतो का? (विजयनगर)

उत्तर : पहिला संदेश फसवणुकीचा. तो दहा आकडी मोबाइल नंबरावरून आलेला असणार. कंपनीचे संदेश अक्षरांच्या नावाने येतात. २०२५ पासून त्या नावाच्या शेवटी एक अक्षर असतं : सेवेच्या संदेशाला 'एस', व्यवहाराच्या संदेशाला 'टी', जाहिरातीला 'पी', सरकारी संदेशाला 'जी'. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नावाने नंबर बंद करण्याची धमकी आली तर तीही खोटीच, ट्राय ग्राहकांचे नंबर तोडत नाही. असे लोक फोनवर 'दहा रुपये भरून खातं अपडेट करा' म्हणून एक एपीके फाइल (फोनमध्ये थेट प्रोग्राम बसवणारी) पाठवतात. ती उघडली की फोनवर येणारे ओटीपी त्यांच्या हाती लागू शकतात. असा संदेश संचार साथी या सरकारी पोर्टलच्या 'चक्षु' वर कळवा. पैसे गेलेच असतील तर बँकेची वाट न बघता ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

पोर्टचं म्हणाल तर निघालेलं बिल थकलेलं असताना १९०० वर संदेश पाठवूनही पोर्टिंग कोड मिळत नाही. बिल भरा, कंपनीकडे नोंद झाल्याची खात्री करा, मग संदेश पाठवा. कोड आपल्याकडे चार दिवस चालतो. पोर्ट झाल्यावर जुन्या कंपनीचं एक शेवटचं बिल येतं, मधल्या दिवसांचं. तोवर तिच्या अ‍ॅपमधला प्रवेश बंद झालेला असू शकतो, म्हणून पोर्टच्या आधीच ई-मेल नोंदवून ठेवा आणि जुनं ऑटोपे ते बिल चुकतं होईपर्यंत काढू नका. ते बिल राहिलं तर जुनी कंपनी नव्या कंपनीला कळवून नंबर तोडायला लावू शकते, मग नव्या कंपनीचं बिल कितीही वेळेवर भरत असा.